कागदात राहिलेली जात : जपानमधील बुराकू समाज आणि कुटुंब-नोंदवही

जात ही फक्त भारतातली गोष्ट आहे आणि ती विचारायची बंद केली की आपोआप मरेल, असा युक्तिवाद आपल्या कानावर रोज पडतो. तो करणाऱ्यांनी जपानमधील बुराकू समाजाचा इतिहास एकदा वाचावा.

बुराकू लोक रंगाने, भाषेने, धर्माने इतर जपान्यांसारखेच. तोकुगावा राजवटीत त्यांच्या पूर्वजांच्या माथी मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, गुन्हेगारांना देहदंड देणे अशी कामे मारली गेली. त्यांना 'एता' म्हणत, म्हणजे घाणीने भरलेले. दुसऱ्या एका गटाला 'हिनिन' म्हणत, म्हणजे माणूसच नसलेले. वस्ती गावाबाहेर, लग्ने आपसात. हे चित्र आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

१८७१ मध्ये मेइजी सरकारने हुकूम काढून ही नावे रद्द केली. कागदावर सगळे समान झाले. पण जमीन दिली नाही, भांडवल दिले नाही. उलट चामड्याच्या धंद्यावरचा परंपरागत हक्क तेवढा गेला. सवर्ण मनाला ही कोरडी समानताही सोसली नाही. १८७३ मध्ये मिमासाका भागात सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांनी हा हुकूमही मागे घ्या म्हणत बुराकू वस्त्यांवर हल्ले केले. १८ जण मारले गेले, शेकडो घरे जळाली.

दरम्यान सरकारने १८७२ मध्ये देशभर कुटुंब-नोंदवही सुरू केली. तिला 'कोसेकी' म्हणतात. जपानमध्ये नोंद व्यक्तीची नसते, कुटुंबाची असते. जन्म, लग्न, दत्तक, मृत्यू, मूळ ठिकाण, सगळे तिच्यात. त्या पहिल्या नोंदवहीत अनेक ठिकाणी या लोकांपुढे 'नवे सामान्यजन' असा शेरा मारला गेला, कुठे तर जुनेच नाव लिहिले गेले. जे चेहऱ्यावर दिसत नव्हते, ते सरकारी वहीत दिसू लागले. शेरा नसला तरी मूळ गावाच्या पत्त्यावरून जात कळायची. ही वही दीर्घकाळ कोणालाही पाहता येत असे. लग्न ठरताना मुलाकडचे किंवा मुलीकडचे खाजगी गुप्तहेर लावून ती तपासून घेत आणि स्थळ मोडत.

बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील निबंधात सांगितले की, जातीचा गाभा म्हणजे जातीअंतर्गत विवाह. जपान याचा पुरावा आहे. तिथे मनुस्मृती नाही, पण लग्नाचा दरवाजा बंद ठेवला म्हणून भेद टिकला. १९३३ मध्ये ताकामात्सु येथील न्यायालयाने तर बुराकू तरुणांनी आपली जात लपवून एका स्त्रीशी लग्नाचा घाट घातला म्हणून त्यांना अपहरणाचे दोषी ठरवले. जात न सांगणे हाच गुन्हा! त्याविरुद्ध देशभर आंदोलन पेटवले ते सुईहेइशा या संघटनेने. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोमध्ये स्थापन झालेल्या या संघटनेचा जाहीरनामा लिहिणारा साइको मानकिची बुराकू वस्तीतल्या बौद्ध मंदिरात जन्मलेला तरुण होता. त्यांनी 'एता' ही शिवी लपवली नाही, अभिमानाने उच्चारली.

कोसेकीचा मार इतरांनाही बसला. कोरिया जपानची वसाहत असताना कोरियन लोक जपानी प्रजा होते, मात्र त्यांची नोंद वेगळ्या वहीत ठेवली गेली. १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को करार लागू होताच त्या वहीच्या आधारे जपानमध्ये राहणाऱ्या कोरियनांचे नागरिकत्व काढून घेतले. कोरियन पुरुषाशी लग्न करून त्याच्या नोंदीत गेलेल्या जपानी स्त्रियाही परक्या ठरल्या.

१९६८ मध्ये १८७२ ची वही बंद झाली, १९७६ मध्ये चालू नोंदी पाहण्यावर निर्बंध आले. पण १९७५ मध्येच उघड झाले होते की बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांची यादी गुपचूप छापून विकली जात होती आणि ती घेणाऱ्या कंपन्या दोनशेहून अधिक होत्या. नोकरी देण्याआधी पत्ता पडताळायचा! आज त्याच याद्या इंटरनेटवर टाकल्या जातात. त्याविरुद्धच्या खटल्यात टोकियो उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये भेदभाव न होण्याचा अधिकार मान्य केला.

मग नोंद पुसून टाकावी का? इथेच खरा प्रश्न आहे. १९६९ च्या विशेष कायद्याने बुराकू वस्त्यांना घरे, रस्ते, शिष्यवृत्त्या मिळाल्या, कारण सरकारने वस्त्या निश्चित केल्या होत्या. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या पुढच्या कायद्यांची मुदतही २००२ मध्ये संपली. भेद मात्र संपला नाही. २०१६ मध्ये संसदेला नवा कायदा करून तो अस्तित्वात असल्याचे कबूल करावे लागले.

म्हणून मित्रहो, नोंद चांगली की वाईट, हा वाद फसवा आहे. नोंद कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी वापरली जाते, हे विचारा. हक्क मागणाऱ्याच्या हातातला कागद आणि स्थळ मोडणाऱ्याच्या हातातला कागद एक नव्हे. जात विचारू नका म्हणणारा माणूस आपल्या मुलीच्या लग्नात ती विचारत असेल, तर त्याला आधी जपानचा हा इतिहास ऐकवा.

जय भीम!