मांजराला कांद्याची पात चालते का?

थंडीच्या दिवसांत बाजारात कांद्याची हिरवीगार पात येते. घरात पातीची पीठ पेरून भाजी होते, झुणका होतो, आणि उरलेली भाजी भाकरीत कुस्करून मांजरापुढे ठेवली जाते. आपल्याला जे पचते ते मांजरालाही पचेल, असा आपला साधा हिशेब असतो. कांद्याच्या बाबतीत हा हिशेब चुकतो.

थोडक्यात उत्तर असे: कांद्याची पात मांजराला देऊ नये. कांदा, लसूण, लसणाची पात यांपैकी काहीच देऊ नये. कच्चे नको, शिजवलेले नको, वाळवलेले नको आणि मसाल्यात मिसळलेलेही नको. या वर्गातील वनस्पतींमुळे मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक मांजरे बरी होतात. अडचण एवढीच की लक्षणे उशिरा दिसतात, आणि तोपर्यंत चार दिवसांपूर्वीची भाजी कोणाच्या लक्षात राहिलेली नसते.

मांजराच्या रक्तात नेमके काय होते?

कांदा चिरला किंवा चावला की त्यातून गंधकयुक्त द्रव्ये तयार होतात. पोटात गेल्यावर ती रक्तात उतरतात आणि तांबड्या पेशींमधील हिमोग्लोबिनवर हल्ला करतात. बिघडलेल्या हिमोग्लोबिनचे छोटे गोळे पेशीच्या कडेला चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट दिसतात. जर्मन डॉक्टर रॉबर्ट हाइन्झ यांनी १८९० मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात. अशी पेशी कमकुवत होते आणि फुटते. पेशी कमी झाल्या की शरीराला प्राणवायू कमी पडतो. यालाच आपण रक्तक्षय म्हणतो.

मग हाच कांदा आपल्याला का बाधत नाही? फरक हिमोग्लोबिनच्या रचनेत आहे. गंधकयुक्त द्रव्यांचा मारा सहज बसेल अशा जागा मांजराच्या हिमोग्लोबिनमध्ये ८ असतात, कुत्र्याच्या ४ आणि माणसाच्या २. शिवाय खराब झालेल्या पेशी गाळून काढण्याचे काम मांजराची प्लीहा फारसे चांगले करत नाही. त्यामुळे कुत्र्यापेक्षाही मांजराला कांदा कमी प्रमाणात बाधतो.

किती कांदा धोक्याचा?

मांजराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ५ ग्रॅम कांदा पोटात गेला तरी रक्तात लक्षणीय बदल होऊ शकतात. आपल्याकडचे मोठे मांजर साधारण ३ ते ४ किलोचे असते. म्हणजे १५ ते २० ग्रॅम कांदा पुरतो. मध्यम आकाराच्या एका कांद्याचा हा चौथा-पाचवा हिस्सा झाला. पिलाला याहूनही कमी लागतो. लसूण तर वजनाला वजन कांद्यापेक्षा जास्त तीव्र आहे.

दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवा.

पहिली, शिजवल्याने किंवा तळल्याने हा दोष जात नाही. वाळवल्याने तर तो दाट होतो. कांद्यात बहुतांश पाणीच असते. ते उडाले की चमचाभर भुकटीत बराच कांदा मावतो. म्हणून कांदा-लसूण मसाला, लसणाची चटणी, तयार सूपची पाकिटे आणि नूडल्सचा मसाला यांपासून मांजराला दूर ठेवा. आजारी मांजर खात नाही म्हणून काही जण लहान बाळांचे तयार खाणे देतात. त्याच्या डब्यावर घटकांत कांद्याची भुकटी लिहिली आहे का, ते आधी वाचा.

दुसरी, एकदाच जास्त खाण्याइतकेच रोज थोडेथोडे खाणेही वाईट. रोजच्या रश्श्यातून थोडा थोडा कांदा पोटात जात राहिला तर पेशींचे नुकसान साचत जाते.

खरा धोका कोठे आहे?

कच्च्या कांद्याला किंवा पातीला मांजर सहसा तोंड लावत नाही. वास उग्र असतो. शिरूर-दौंड पट्ट्यात कांद्याचे पीक आहे, घराजवळ कांदा चाळही असते, आणि उंदरांसाठी तिथे मांजर फिरत असतेच. ते चाळीत झोपले म्हणून काळजीचे कारण नाही. कांद्याच्या नुसत्या सहवासाने विषबाधा होत नाही. चाळीत पिले असतील तर ती पात किंवा पापुद्रा चघळत नाहीत ना, एवढे पाहा.

धोका आहे तो आपण मायेने वाढलेल्या ताटलीत. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी. मटणाच्या रश्श्याचा, सुकटीचा, अंडा भुर्जीचा वास आला की ते पायात घोटाळते. त्या वासाखाली कांदा-लसूण दडलेला असतो आणि भाकरीबरोबर तो नकळत पोटात जातो. भाजीत घरच्या तुपाची धार सोडली असेल तर पातीची भाजीही चाटून पुसून खाल्ली जाते.

वर्षातले काही दिवस जास्त सांभाळण्याचे असतात. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी, कांदेनवमी येते. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या घरांत त्या दिवशी कांदाभजी, कांद्याची थालीपिठे असा बेत असतो. त्याच सुमारास, कांदेनवमीच्या आधी, संत तुकाराम महाराजांची पालखी यवतहून वरवंडला मुक्कामी येते. गावात घरोघरी आणि पंगतींत मोठा स्वयंपाक होतो आणि उरलेले अन्न मांजरांपुढे, कुत्र्यांपुढे टाकले जाते. पिठल्यात, भाजीत कांदा-लसूण असेल तर ते मांजराच्या वाट्याला जाऊ देऊ नका. उरलेली कोरी भाकरी किंवा साधा भात टाकलेला चालेल.

घरात पाळता येईल असा नियम एकच आहे: मांजराचा वाटा फोडणीच्या आधी काढून ठेवा. कोंबडीचे दोन तुकडे, मासळीचा तुकडा किंवा अंडे नुसत्या पाण्यात उकडा, काटे-हाडे काढा आणि थंड करून द्या. मीठ, तिखट, मसाला काही नको.

लक्षणे कशी ओळखाल?

पहिल्या एक-दोन दिवसांत उलटी, जुलाब, लाळ गळणे, खाणे सोडणे अशी लक्षणे दिसू शकतात. काही मांजरांत ती दिसतही नाहीत. रक्तक्षयाची लक्षणे बहुधा ३ ते ५ दिवसांनी उमटतात:

• मांजर सुस्त होते, कोपऱ्यात बसून राहते, उडी मारायचे टाळते.
• हिरड्या फिकट, पांढरट, पिवळसर किंवा तपकिरी दिसतात.
• श्वास आणि छातीचे ठोके जलद होतात.
• लघवी लालसर किंवा गडद तपकिरी होते.
• चालताना झोकांडी जाते.

हिरड्या पाहण्यासाठी वरचा ओठ अलगद उचला. निरोगी हिरडी गुलाबी असते. काही मांजरांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. अशा वेळी डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहा.

बाहेर फिरणाऱ्या मांजराची लघवी मातीत जिरते आणि रंग कळत नाही. कांदा खाल्ल्याची शंका असेल तर त्याला आठवडाभर एका खोलीत ठेवा. एका कोपऱ्यात पसरट टोपलीत पांढरा कागद किंवा जुने पांढरे फडके अंथरा.

खाल्ले असेल तर काय करावे?

रश्श्याचे एखादे बोट चाटले असेल आणि मांजर धडधाकट असेल, तर घाबरू नका. पशुवैद्यकांना फोन करून सांगा आणि आठवडाभर वरील लक्षणांवर नजर ठेवा.

कांद्याच्या फोडी, भाजी, भजी किंवा मसाला पोटात गेला असेल, किती गेला ते कळत नसेल, किंवा मांजर पिलू, म्हातारे, गाभण वा आधीच आजारी असेल, तर लक्षणांची वाट पाहू नका. त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर दाखवा. खाल्ल्यापासून तास-दोन तासांत पोहोचलात तर पशुवैद्यक औषध देऊन उलटी करवू शकतात.

मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल, उठू शकत नसेल किंवा लघवी लाल असेल, तर तातडीने निघा. वाटेत त्याला हवेशीर टोपलीत, शांत ठेवा.

आधी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा खासगी पशुवैद्यकांकडे जा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी १९६२ या टोल फ्री क्रमांकावर करता येते. रक्त चढवण्याची वेळ आली तर पुण्यातील छोट्या प्राण्यांच्या मोठ्या रुग्णालयाकडे पाठवले जाऊ शकते. गावातून निघण्यापूर्वी फोन करून तिथे ती सोय आहे का, ते विचारून घ्या.

डॉक्टरांना चार गोष्टी सांगा: काय खाल्ले, अंदाजे किती, केव्हा, आणि मांजराचे वजन. मसाल्याचे पाकीट असेल तर बरोबर न्या. वजन माहीत नसेल तर मांजराला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा.

या विषबाधेवर नेमका उतारा नाही. सलाईन, प्राणवायू आणि गरजेप्रमाणे रक्त देऊन मांजराला सावरले जाते, तोवर शरीर नव्या पेशी तयार करते. मांजरांनाही रक्तगट असतात, त्यामुळे रक्त जुळवूनच द्यावे लागते.

काय करू नये?

मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नका. दूध, ताक, तेल किंवा हळदीचे दूध बळजबरीने ओतू नका. त्याने विष उतरत नाही आणि घोट फुप्फुसात जाऊ शकतो.

सर्वांत महत्त्वाचे: मांजर मलूल आहे, अंग गरम लागते म्हणून घरातील पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. तापाच्या बहुतेक साध्या गोळ्यांत आणि लहान मुलांच्या तापाच्या औषधांत पॅरासिटामॉलच असते. तेही मांजराच्या तांबड्या पेशींवर असाच घाला घालते, आणि एक गोळीही जीव घेऊ शकते. कांद्याने पेशी आधीच फुटत असताना अशी गोळी देणे म्हणजे विषावर विष.

घरातील माणसांसाठी

कांद्यामुळे पेशी फुटून मांजराला कावीळ झाली तर ती संसर्गजन्य नसते. मुलांना किंवा गर्भवतीला त्यातून कावीळ लागत नाही.

पण दुखणाऱ्या मांजराला पकडताना ते चावू किंवा ओरबाडू शकते. तसे झाल्यास जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा. मांजर घरचेच आहे म्हणून हे टाळू नका.

मग कोणती भाजी चालते?

मांजराला भाजीची गरज नसते. त्याला लागणारे टॉरिन हे द्रव्य मांस, मासे यांतून मिळते आणि ते कमी पडले तर दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतात. म्हणून नुसत्या दूध-भाकरीवर मांजर ठेवू नये. अनेक मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. घर शाकाहारी असेल तर मांजरांसाठी बनवलेले तयार खाद्य वापरा.

हौसेने द्यायचेच असेल तर उकडून कुस्करलेला लाल भोपळा, गाजर, मटार किंवा श्रावणघेवडा चमचाभर द्या. भाजी नुसती उकडलेली असावी आणि दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावी. हिरवे पडलेले किंवा कोंब आलेले बटाटे, टोमॅटोचा पाला, द्राक्षे आणि मनुका देऊ नका.

घरात आजी-आजोबा किंवा मुले मांजराला खाऊ घालत असतील तर त्यांनाही हे सांगून ठेवा. ताटलीत घास सहसा तेच टाकतात.