उसनी कथा आणि स्वतःची कथा

श्रोतेहो, समजा, पळसदरीच्या शाळेतल्या एखाद्या मुलाने निबंधाच्या वहीत लिहिले की, वनवासात हिंडता हिंडता भीम आमच्या बोरघाटाखाली आला आणि त्याला सडकून भूक लागली. गुरुजींनी काय करावे? ‘हे तुझे नव्हे, महाभारतातले आहे,’ म्हणून लाल रेघ ओढावी, की पुढे लिही म्हणावे? प्रश्न लहान दिसतो खरा. पण आपल्या मराठी रंगभूमीचा अर्धाअधिक इतिहास या प्रश्नात गुंतलेला आहे.

प्रथम घरचेच उदाहरण घेऊ. कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्टीत राहणाऱ्या कातकरी समाजात एक जुनी समजूत आहे की, आपण रामाच्या सैन्यातल्या वानरांचे वंशज. ही काही कोणा पंडिताने पोथीत घातलेली गोष्ट नव्हे. ज्या समाजातल्या बहुतेकांच्या नावावर सातबारा नव्हता, त्याने रामकथेत आपले नाव लावून घेतले. दुसऱ्याच्या कथेत शिरण्याची माणसाला गरज का वाटते, हे यावरून ध्यानात येईल.

आता कालिदासाकडे पाहा. महाभारतातल्या शकुंतलेच्या आख्यानात ना अंगठी आहे, ना दुर्वासाचा शाप. तिथे दुष्यंताला सारे आठवत असते, तरी तो भर दरबारात तिला नाकारतो, आणि शकुंतला त्याला चांगली खडसावते. शाप आणि अंगठी ही कालिदासाची भर. नायिका उसनी, कथा उसनी, तरी त्याला कोणी नकलाकार म्हणत नाही. कारण त्याने घेतले त्यात स्वतःचे काही घातले.

मराठी नाटकही याच वाटेने आले. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. राम कोण, रावण कोण, हे प्रेक्षकांना सांगावे लागत नव्हते. कीर्तनांनी ते काम आधीच करून ठेवले होते. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात कालिदासाचे ‘शाकुंतल’ मराठीत उभे केले, आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’. या ‘सौभद्रा’त बलरामदादा सुभद्रेला दुर्योधनाला द्यायला निघतात आणि तिचे मन तर अर्जुनावर. पात्रे द्वारकेची, पण मुलीच्या मनाविरुद्ध ठरणारे लग्न, तापट वडील भाऊ, घरातली कुजबुज, हे सगळे बरं का, आपल्याच माजघरातले! सुभद्रेची सुटका होते, कारण तिचा दुसरा भाऊ श्रीकृष्ण आहे.

पण ज्या मुलीला श्रीकृष्णासारखा भाऊ नाही, तिने काय करावे? हा प्रश्न गोविंद बल्लाळ देवलांनी घेतला. देवल किर्लोस्करांच्याच हाताखाली तयार झालेले. त्यांची नाटके एकंदर सात, आणि त्यांतली सहा दुसऱ्यांच्या कृतींवरून घेतलेली. ‘मृच्छकटिक’ संस्कृतातून आले, ‘झुंझारराव’ शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून. स्वतंत्र असे एकच, १८९९ चे ‘शारदा’. कांचनभट पैशाच्या लोभाने आपली कोवळी पोर म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. त्या काळी अशी लग्ने घरोघर माहीत होती. पण त्या मुलीचे दुःख पेलील असे पात्र पुराणात तयार नव्हते. म्हणून देवलांना नवी मुलगी निर्माण करावी लागली. इथे देव धावून येत नाही. कोदंड नावाचा तरुण उभा राहतो आणि लग्न मोडते.

नावातल्या साम्यामुळे पुष्कळांना वाटते की, १९२९ च्या ‘शारदा कायद्या’ला या नाटकाचे नाव पडले. तसे नाही. ते नाव हरविलास सारडा यांच्यावरून आले. त्या कायद्याने वधूचे किमान वय चौदा केले. आज ते अठरा आहे. परंतु कायदा येण्याच्या तीस वर्षे आधी शारदेचे गाऱ्हाणे देवलांनी लोकांच्या कानी घातले होते, हे विसरता येत नाही.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, उसनी कथा ही चोरी नव्हे, तालीम आहे. देवलांचा हात त्याच तालमीत तयार झाला. मात्र कथा कोणाची घेतली ते मुलाने वर स्पष्ट लिहावे, आणि आपण त्याला विचारावे, ‘भीम बोरघाटाखाली आल्यावर असे काय झाले, की जे व्यासांनी सांगितले नाही?’ याचे उत्तर आले की लाल रेघेचे कारण नाही.

मग वर्षाअखेर आणखी एक प्रश्न विचारा, ‘तुझ्या वाडीतल्या कोणाची गोष्ट अजून कोणीच सांगितलेली नाही?’ कदाचित दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणारी आणि पावसाच्या तोंडाशी परतणारी एखादी मुलगी त्याला आठवेल. तिची जागा वर्गात सहा महिने रिकामी असते. तिच्यासाठी व्यासांकडेही पात्र नाही आणि देवलांकडेही नाही. ते त्या मुलालाच लिहावे लागेल.