मागच्या सीटवरचा माणूस

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरच्या पोराला पहिल्या महायुद्धाच्या आकाशात पोचायला वाट होती का? वाट एकच होती आणि ती विलायतेतल्या कॉलेजातून जात होती. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर त्याच वाटेने गेले. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकलेला हा तरुण ब्रिटिश हवाई दलात लेफ्टनंट झाला आणि २३ व्या स्क्वाड्रनमधून फ्रान्सच्या आघाडीवर लढला. २७ जून १९१८ ला गेलेलं त्याचं विमान परतलं नाही. ३० जूनला जर्मनांच्या ताब्यात त्याचा मृत्यू झाला. थडग्यावर नावही भलतंच लागलं होतं, खरी ओळख पटली ती युद्ध संपल्यावर. त्याच्या स्क्वाड्रनचं डॉल्फिन विमान एकट्याचं. वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या सांगाड्यातून बाहेर यायचं, आणि तिथे बसवलेली लुईस गन हेलकावली की थेट त्याच्याच तोंडावर आदळायची. त्यामुळे पुष्कळांनी ती काढूनच टाकली. अशा विमानात गनर वेगळा नसतो. चालवणारा तोच, झाडणाराही तोच.

त्या युद्धातले हिंदी वैमानिक म्हणून मलिक, सेन, रॉय आणि वेलिंगकर या चौघांची नावं घेतली जातात, आणि त्यांच्या धाडसाबद्दल वाद नाही. पण चौघेही अधिकारी आणि चौघेही इंग्लंडात शिकलेले, हा योगायोग मानायला मी तयार नाही. कुणी म्हणेल, हरदितसिंग मलिकांनाही हवाई दलाकडून आधी नकारच मिळाला होता, मग शिक्षणाचा काय उपयोग? पण तो नकार फिरला कशाने, तर ऑक्सफर्डच्या त्यांच्या शिक्षकाने वर लिहिलेल्या पत्राने. असं पत्र लिहिणारा गुरुजी अल्लीपुरात कुठून यायचा? दोन माणसांच्या विमानातली मागची, बंदुकीची सीट साध्या शिपायालाही मिळू शकत होती. पण हिंदी शिपायासाठी हवाई दलच नव्हतं. ते ८ ऑक्टोबर १९३२ ला झालं. पुढच्या एप्रिलात कराचीजवळ ड्रिग रोडला चार वापिटी विमानांवर काम सुरू झालं आणि ‘हवाई सिपाही’ हा हुद्दा आला. जमिनीवर इंजिन उघडणारा हा माणूस वर गेला की मागे बंदुकीशी बसायचा. वेलिंगकरांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी वाट रुंदावली, ती या हुद्द्याने.

यावर वर्ध्यातूनच आक्षेप येईल. १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबांनी पवनारला दुसऱ्या महायुद्धाविरुद्ध वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. त्या जिल्ह्यात गनर कशाला शोधायचा? विनोबांचा नैतिक अधिकार मी कमी लेखत नाही. पण त्याच युद्धात हिंदी सैन्य सुमारे दोन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेलं, तेही सक्तीची भरती नसताना. एवढी माणसं साम्राज्याच्या प्रेमाने गेली नाहीत, पगार आणि पोटाचा हिशेब करून गेली. सत्याग्रह आणि भरती, दोन्ही एकाच देशात, कधी एकाच घरात चालू होती.

ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हिंदी हवाई दलाच्या ७ व्या आणि ८ व्या स्क्वाड्रनकडे व्हेंजन्स विमानं होती, दोन माणसांची. बॉम्ब टाकायला ती जवळजवळ सरळ खाली सूर मारत. वैमानिकाला जमीन अंगावर येताना दिसायची. त्याच्याकडे पाठ करून बसलेल्या गनरला ती दिसत नसे. त्याच्यासमोर फक्त आकाश असायचं, लांब लांब जाणारं.