चामड्याच्या वस्तूंची निगा : तेल आणि मेण यांची निवड

चामडे म्हणजे प्राण्याच्या त्वचेतील कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंची दाट वीण. कमावल्यामुळे कातडे कुजत नाही. परंतु तंतू एकमेकांवर सहज सरकावेत यासाठी त्यांत स्निग्धांश असावा लागतो. ऊन, पाणी व वापर यांमुळे तो घटला की चामडे कडक होते आणि घडीवर भेगा पडतात. तेलाने स्निग्धांश भरून निघतो. पडलेली भेग मात्र कोणत्याही तेलाने सांधली जात नाही. म्हणून निगा वेळेवर व्हावी लागते.

चामड्याचा प्रकार
कोल्हापुरी चपलेचे चामडे परंपरेने बाभळीची साल व हिरडा वापरून कमावले जाते. या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकातील चार जिल्हे आहेत. असे चामडे तेल चटकन शोषते आणि गडद होते. आजचे बहुतेक बूट व पाकिटे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याची असतात आणि त्यांवर अनेकदा रंगाचा लेप असतो. आडबाजूला पाण्याचा थेंब टाकावा. तो झिरपला तर तेल आत जाईल. तसाच राहिला तर ओलसर फडक्याने पुसणे पुरेसे. लव असलेल्या स्वेडला तेल किंवा मेण लावू नये.

तेल
एरंडेल हवेत सुकत नाही, त्यामुळे चामडे दीर्घकाळ मऊ राहते. ते दाट असल्याने अगदी पातळ थर द्यावा. गुरांच्या नळीच्या हाडांपासून व पायांपासून काढलेले नीट्सफूट तेल खोगीर व लगामांसाठी प्रसिद्ध आहे. जवसाचे तेल हवेत सुकून कठीण होते. तैलरंगांत उपयोगी पडणारा हाच गुण चामड्याला घातक ठरतो. सूर्यफुलाचे तेल कालांतराने चिकट होते व खवट वास देते. खोबरेल टिकाऊ असले, तरी सुमारे 24 अंश सेल्सियसखाली थिजते. थंडीत पृष्ठभागावर पांढुरकी साय दिसू शकते.

मेण
तेल आतील तंतूंसाठी, तर मेण बाहेरच्या संरक्षणासाठी. मधमाश्यांचे मेण सुमारे 62 ते 64 अंशांना वितळते व पाणी अडवते. ब्राझीलमधील ताडवर्गीय झाडाचे कार्नौबा मेण 80 अंशांहून अधिक तापमानाला वितळते. ते कठीण असून उत्तम चकाकी देते. मेणाचा हात नेहमी तेल मुरल्यानंतरच द्यावा.

पावसाळ्यातील काळजी
गोवा व कोकणातील दमट हवेत बुरशी हा चामड्याचा मोठा शत्रू. भिजलेली वस्तू उन्हात किंवा चुलीजवळ न ठेवता सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. बुरशी पुसून, वस्तू पूर्ण कोरडी झाल्यावरच तेल लावावे, रात्रभर मुरू द्यावे व उरलेले पुसून काढावे. जास्त तेलाने चामडे ढिले पडते आणि धूळ धरते. साठवणुकीसाठी प्लॅस्टिकऐवजी सुती पिशवी वापरावी.