आवाज कुणाचा, नाव कुणाचं? ‘राइड ऑन टाइम’ची गोष्ट

या व्याख्यानमालेत आपण एकेका गाण्यामागचा इतिहास पाहतो आहोत. आजचं गाणं आहे ‘राइड ऑन टाइम’. ब्लॅक बॉक्स नावाच्या इटालियन गटाचं, १९८९ सालचं. नावावरून काही आठवलं नाही तरी हरकत नाही. पियानोचे झटकेदार ठोके, खाली न थांबणारा ठेका आणि वर एका बाईचा तारसप्तकातला, छप्पर उडवणारा आवाज, असं हे गाणं आहे. ब्रिटनमध्ये ते सलग ६ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, आणि त्या वर्षी तिथे सगळ्यात जास्त खपलेली सिंगल रेकॉर्डही हीच.

बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात हे गाणं लागलं, तेव्हा लोकांना पडद्यावर एक उंच, सडपातळ तरुणी दिसली. कात्रिन किनोल, फ्रान्समधली मॉडेल. ओठ तिचे हलत होते, पण आवाज तिचा नव्हता. तो होता शिकागोच्या लोलिआटा हॉलोवे यांचा, आणि त्यांचं नाव कुठेच नव्हतं. हे कसं घडलं, हाच आपला आजचा विषय.

सुरुवात थोडी मागून करू. हॉलोवेबाईंचा जन्म १९४६चा. चर्चमधल्या गॉस्पेल गाण्यात त्यांचा आवाज तयार झाला; कॅराव्हॅन्स या नावाजलेल्या गॉस्पेल संचात त्या गायल्या. पुढे सोल आणि मग डिस्को. आता १२ जुलै १९७९ ही तारीख बघा. शिकागोच्याच बेसबॉल मैदानावर, दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग स्फोट करून उडवला गेला. प्रेक्षक मैदानात घुसले, दुसरा सामनाच झाला नाही. डिस्कोचा विरोध म्हणजे मुख्यतः काळ्या आणि समलिंगी लोकांच्या संगीताचा विरोध, असं अनेक अभ्यासक मांडतात. बड्या कंपन्यांनी डिस्कोतून अंग काढून घ्यायला सुरुवात केली.

आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, हॉलोवेबाईंनी ‘लव्ह सेन्सेशन’ गायलं. गीत, संगीत, निर्मिती डॅन हार्टमन यांची. कंपनी न्यूयॉर्कची सॅल्सोल. हार्टमन यांनी ते इतक्या वेळा गाऊन घेतलं की गळा बसला आणि आपण कॉफीत विक्स घालून प्यालो, असं बाईंनी पुढे सांगितलंय. गाणं अमेरिकेच्या डान्स चार्टवर पहिलं आलं. पण त्या चार्टबाहेरच्या जगात त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

पण रेकॉर्ड संपत नसते. नाचगाण्यांच्या १२ इंची तबकड्यांवर कधी कधी वाद्यांशिवायचा नुसता आवाजही दिलेला असायचा, डीजेंना दोन गाणी एकमेकांत मिसळायला सोपं जावं म्हणून. ‘लव्ह सेन्सेशन’चाही असा नुसता आवाज उपलब्ध होता. दरम्यान सॅम्पलर नावाचं यंत्र आलं. त्याचं काम सोपं करून सांगायचं तर, आवाजाचा एक तुकडा आत साठवायचा आणि मग पेटीची पट्टी दाबल्यासारखी कळ दाबली की तो तुकडा वाजतो. हवा तेवढा वेळा, हव्या त्या सुरात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ही यंत्रं छोट्या स्टुडिओंच्याही आवाक्यात आली.

इटलीतले तिघे, डॅनिएले दावोली, मिर्को लिमोनी आणि व्हॅलेरिओ सेम्प्लिची, यांनी तेच केलं. हॉलोवेबाईंच्या गाण्याचे तुकडे घेतले आणि नव्या ठेक्यावर, नव्या पियानोवर बसवले. गंमत अशी, की मूळ गाण्यातला ‘राइट’ हा शब्द त्यांनी ‘राइड’ असा ऐकला. जगभर गाजलेलं हे नाव मुळात ऐकण्यातली चूक आहे! गाताना काय म्हटलं जातंय हे समजून घ्यायला गाणारीला विचारावं लागतं. इथे विचारायला समोर कोणी नव्हतंच.

मग किनोल कशाला हव्या होत्या? तर टीव्हीला चेहरा लागतो. इटलीत ही रीत आधीपासून होती. ‘डेन हॅरो’ या नावाने एक देखणा तरुण नाचायचा आणि गायचं दुसऱ्याच कुणीतरी. म्हणजे आवाज आणि चेहरा वेगळे करायला सॅम्पलरची गरज नव्हती. सॅम्पलरमुळे एवढंच झालं की गाणारीला स्टुडिओत बोलवायचीही गरज उरली नाही.

आता हक्काचा मुद्दा. एका रेकॉर्डमागे दोन वेगळे हक्क असतात. एक गाण्याच्या रचनेचा. तो हार्टमन यांचा. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, तो कंपनीचा. आणि गाणारीचं काय? तिच्या करारात असेल ते, बस. आजही अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर रचनाकाराला पैसे मिळतात, गाणाऱ्याला नाही. हॉलोवेबाईंनी जाहीरपणे संताप व्यक्त केला, प्रकरण वकिलांपर्यंत गेलं, आणि शेवटी पैसे देऊन तडजोड झाली. पुढे एम पीपल या गटातून प्रसिद्ध झालेल्या हेदर स्मॉल यांच्याकडून तोच आवाज पुन्हा गाऊन घेऊन नवी आवृत्तीही काढली गेली. आवाज बदलला, चेहरा तोच राहिला.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही एका गाण्याची गोष्ट झाली असती. पण ब्लॅक बॉक्सच्या पुढच्या अल्बमसाठी, १९९०च्या ‘ड्रीमलँड’साठी, बरीचशी गाणी मार्था वॉश यांनी गायली. हा तुकडा नव्हे, स्टुडिओत जाऊन गायलेला आवाज. तरी नाव नाही, आणि व्हिडिओत पुन्हा किनोल. त्याच वर्षाच्या अखेरीस सी अँड सी म्युझिक फॅक्टरीचं ‘गॉना मेक यू स्वेट’ आलं. फेब्रुवारी १९९१ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि हे तुम्ही स्टेडियममध्ये, गॅदरिंगला, कुठे ना कुठे ऐकलं असणारच. त्यातली ती दणदणीत हाक वॉश यांची आहे. व्हिडिओत ओठ हलवतात झेल्मा डेव्हिस. डेव्हिस स्वतः गायिका आहेत, त्याच अल्बममध्ये इतर गाणी त्यांनी गायली आहेत. म्हणून या दोघी तरुणींवर राग काढण्यात अर्थ नाही. कुणाला पुढे उभं करायचं हा निर्णय त्यांचा नव्हता.

वॉश यांच्या बाबतीत एक कडवट गोष्ट लक्षात घ्या. सत्तरच्या दशकात त्या सिल्व्हेस्टर या गायकाच्या साथीला गायच्या. जोडीदारीण इझोरा रोड्स. दोघी अंगाने भरलेल्या, आणि जोडीचं नाव होतं ‘टू टन्स ओ फन’, म्हणजे दोन टन मौज! पुढे ‘इट्स रेनिंग मेन’ याच दोघींनी गाजवलं. तेव्हा जे शरीर जाहिरातीला चाललं, ते व्हिडिओच्या जमान्यात झाकायची वस्तू ठरलं.

वॉश कोर्टात गेल्या. ब्लॅक बॉक्सच्या प्रकरणात तडजोड झाली, आणि आरसीए कंपनीने त्यांच्याशी स्वतंत्र गायिका म्हणून करार केला. सी अँड सीचा दावा १९९४ मध्ये मिटला. सोनी कंपनीने एमटीव्हीला त्या व्हिडिओवर सूचना द्यायला सांगितलं, की गायन मार्था वॉश यांचं आणि पडद्यावरचं दर्शन झेल्मा डेव्हिस यांचं. एक ओळ, पण तिच्यासाठी चार वर्षं गेली.

इथे कुणी म्हणेल, ‘यात एवढं काय? आपल्या सिनेमात तर नायिका कधीच गात नाही.’ प्रश्न रास्त आहे. पण १९४९चा ‘महल’ आठवा. ‘आएगा आनेवाला’ची रेकॉर्ड निघाली तेव्हा गायिका म्हणून नाव होतं ‘कामिनी’. कामिनी म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव! ऐकणारे रेडिओला विचारू लागले, ही गातंय कोण? तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव पुढे आलं. पुढे लताबाई नावासाठी भांडल्या, रॉयल्टीसाठी भांडल्या. त्या वादात रफीसाहेबांबरोबरची द्वंद्वगीतं काही वर्षं थांबली. फिल्मफेअरने पार्श्वगायनाला पुरस्कार सुरू केला तो १९५९ मध्ये, तोही लताबाईंच्या आग्रहानंतर. आणि गायकांना रॉयल्टीचा हक्क आपल्या कायद्यात स्पष्टपणे आला तो २०१२ मध्ये.

म्हणजे पार्श्वगायन आणि फसवणूक यांत तांत्रिक फरक काहीच नाही. दोन्हीकडे आवाज एकीचा, चेहरा दुसरीचा. फरक आहे तो तबकडीवर छापलेल्या एका नावाचा. आणि ते नाव आपोआप छापलं जात नाही, कुणाला तरी भांडावं लागतं. आता तर यंत्राला आवाजाची नक्कलच करता येते, तेव्हा हा प्रश्न जुना झाला असं आम्हाला वाटत नाही.

शेवट थोडा बरा आहे. १९९१ मध्ये मार्की मार्क अँड द फंकी बंच यांचं ‘गुड व्हायब्रेशन्स’ आलं. त्यात पुन्हा त्याच ‘लव्ह सेन्सेशन’चा आवाज होता. गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं, आणि या वेळी रेकॉर्डवर छापलेलं होतं: लोलिआटा हॉलोवे यांच्यासह. आवाज अकरा वर्षांपूर्वीचा, तोच. २०११ मध्ये हॉलोवेबाई गेल्या. घरी गेल्यावर ‘लव्ह सेन्सेशन’ जरूर ऐका, आणि ऐकताना त्यांचं नाव घ्या.