ठिगळाचा मंगळवार

सॉफ्टवेअरमधल्या 'पॅच'ला मराठीत ठिगळ म्हणावं का, यावर माझा एका मित्राशी जुना वाद आहे. त्याचं म्हणणं, ठिगळ दिसतं आणि चांगला पॅच दिसता कामा नये. मला मात्र ठिगळच बरोबर वाटतं, कारण इंग्रजी शब्दही तिथूनच आलाय. प्रोग्रॅम जेव्हा छिद्रं पाडलेल्या कागदी फितीवर असायचे, तेव्हा चुकलेल्या छिद्रावर खरोखरीचा कागदाचा तुकडा चिकटवायचे. असो. शब्द कुठलाही घ्या, ब्राउझरच्या ठिगळांचा इतिहास चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: भोक बुजवणं हे त्यातल्या त्यात सोपं काम. ते ठिगळ कोट्यवधी लोकांच्या मशीनवर नेऊन चिकटवायचं कसं, ही खरी डोकेदुखी.

या इतिहासातला मला सगळ्यात जवळचा वाटणारा तुकडा आहे जानेवारी २००६ चा. कारण तेव्हा सापडलेलं एक भोक नेमकं अशा ठिकाणी होतं, जिथून आपण मराठी वाचत होतो. पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्यानंतर जेमतेम महिनाभरात बर्कलीच्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी नेटस्केप ब्राउझरच्या सुरक्षिततेतली हवा काढून घेतली. नेटस्केप आपल्या गुप्त किल्ल्या बनवायला जे 'यादृच्छिक' आकडे वापरायचा, ते घड्याळातली वेळ आणि प्रोसेसचे दोन क्रमांक यांवरून काढलेले होते. म्हणजे कुलूप भक्कम, पण किल्ली पायपुसण्याखाली. नेटस्केपने दुरुस्ती झटपट केली, आणि पुढच्याच महिन्यात चुका शोधणाऱ्यांना बक्षीस द्यायची योजनाही काढली (आजच्या बग बाउंटीची ही आजी!). पण दुरुस्ती लोकांपर्यंत जायची कशी? तर तुम्हीच बातमी वाचायची, तुम्हीच नवी आवृत्ती मोडेमवरून उतरवायची, तुम्हीच इन्स्टॉल करायची. ज्याला बातमी कळली नाही, त्याचं भोक तसंच.

पुढची आठ वर्षं थोड्याफार फरकाने हाच कारभार चालला. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाच्या वर्मने जगभरची विंडोज मशिन्स आडवी केली, तेव्हा त्यावरचा पॅच उपलब्ध होऊन जवळजवळ चार आठवडे झाले होते. औषध दुकानात होतं, रोगी घरी होते. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने महिन्याचा एक दिवस ठरवून टाकला: दुसरा मंगळवार. कंपन्यांच्या सिस्टिम अॅडमिन लोकांना तयारीला वेळ मिळावा हा हेतू, आणि तो चांगलाच होता. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले की पॅच सुटायचे. तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेअकरा. त्यामुळे भारतातल्या सपोर्ट टीम्सचा 'पॅच ट्यूसडे' प्रत्यक्षात बुधवारीच उजाडायचा. आणि बुधवारपर्यंत हल्लेखोरांनी जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून नेमकं काय बदललंय हे पाहायला सुरुवात केलेली असायची. ठिगळ म्हणजे भोकाचा पत्ताही असतो, ही त्यातली गोम.

आपल्याकडे दुसऱ्याही अडचणी होत्या. विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ (ऑगस्ट २००४) पूर्ण उतरवायचा तर अडीचशे एमबीच्या वर. डायलअपचा वेग ४० केबीपीएस धरला तर साधारण चौदा तास फोन अडवून ठेवायचा, आणि तेराव्या तासाला लाइन तुटली की संपलं. शिवाय घरोघरी असेंबल्ड पीसी. तो जोडून देणारा काँप्युटरवाला विंडोज 'फुकटात' टाकून द्यायचा आणि जाता जाता ऑटोमॅटिक अपडेट्स बंद करून जायचा, न जाणो पकडले गेलो तर! खरं म्हणजे २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने अस्सल-नक्कल तपासणी सक्तीची केली, तेव्हाही सुरक्षेचे पॅच ऑटोमॅटिक अपडेट्समधून नकली प्रतींना मिळतच होते. पण हे सांगणार कोण आणि ऐकणार कोण.

आता त्या जानेवारीकडे येऊ.

२७ डिसेंबर २००५ च्या सुमारास लक्षात आलं, की डब्ल्यूएमएफ प्रकारचं नुसतं एक चित्र वेबपानावर पाहिलं तरी मशीन ताब्यात जातंय. डब्ल्यूएमएफ म्हणजे ठिपक्यांचं चित्र नव्हे. ती असते सूचनांची यादी: इथून रेघ ओढ, इथे रंग भर. त्या सूचनांमध्ये एक अशी होती, की 'छपाई मध्येच रद्द झाली तर हा कोड चालव', आणि तो कोड त्या चित्राच्या फाइलमध्येच! ही सोय विंडोज ३.० च्या जमान्यातली, म्हणजे १९९० च्या आसपासची. तेव्हा स्वतःच्या मशीनवर दुसऱ्याची फाइल येणार कुठून? प्रोग्रॅमरची काही चूक झाली नव्हती. दाराला कडी नव्हती, आणि ती नसणं घराच्या नकाशातच होतं.

मायक्रोसॉफ्टने सांगितलं, पॅच ठरल्याप्रमाणे १० जानेवारीला, म्हणजे दुसऱ्या मंगळवारी. इकडे हल्ले तर सुरू झालेले. मग ३१ डिसेंबरला इल्फाक गिल्फानोव या माणसाने स्वतःचाच पॅच लिहून टाकला. आयडीए प्रो या नावाजलेल्या डिसअसेंब्लरचा हा कर्ता, म्हणजे दुसऱ्याचा बंद कोड वाचण्यात ज्याची हयात गेली असा. त्याच्या पॅचने मेमरीतल्या मेमरीत ती एक सूचना बंद पाडली, बाकी कशाला हात लावला नाही. सोबत सोर्स कोडही दिला. सॅन्स संस्थेच्या इंटरनेट स्टॉर्म सेंटरने तो तपासला आणि लोकांना चक्क सांगितलं, लावा. मूळ कंपनीला सोडून त्रयस्थाचं ठिगळ लावा, असा सल्ला जाणत्या लोकांनी उघडपणे द्यावा हे तोवर फारसं घडलं नव्हतं. गर्दी इतकी लोटली की होस्टिंगवाल्याने त्याची साइटच बंद केली. शेवटी मायक्रोसॉफ्टने ५ जानेवारीला, मंगळवारची वाट न पाहता, पॅच सोडला.

त्या आठवड्यात मायक्रोसॉफ्टवर आळशीपणाची टीका भरपूर झाली. मला ती अर्धीच पटते. एका माणसाचा पॅच बिघडला तर लोक तो काढून टाकतात. मायक्रोसॉफ्टचा बिघडला तर बँकांची आणि रुग्णालयांची मशिन्स बसतात. डझनावारी भाषा, अनेक आवृत्त्या, शेकडो जुनी सॉफ्टवेअर, हे सगळं तपासायला वेळ लागतो हे आपल्या धंद्यातल्या कुणालाही माहीत आहे. पण हल्ला चालू असताना वेळापत्रक दाखवायचं नसतं, हेही तितकंच खरं.

या गदारोळात १० जानेवारीचा नेहमीचा मंगळवार आला, आणि त्यातलं पहिलंच पत्रक होतं एमएस०६-००२. विषय: वेबपानात गुंफलेले फॉन्ट.

आता नव्या मंडळींसाठी सांगायला हवं, की युनिकोड सगळीकडे रुळायच्या आधी मोठ्या मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळं वाचायची कशी. पानात मजकूर असायचा रोमन अक्षरांचा गिचमिडा, टिंबा-टोप्यांसकट. त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवायचं काम फॉन्टचं. वाचकाकडे तो फॉन्ट नसणार, म्हणून पान उघडलं की फॉन्ट आपोआप उतरायचा. ही सोय होती १९९७ पासून इंटरनेट एक्सप्लोररच्या ईओटी या प्रकारात. नेटस्केपचा वेगळा प्रकार होता, तो नेटस्केपबरोबरच मागे पडला. फायरफॉक्स ईओटी वाचत नसे. त्यामुळे २००४ नंतर सगळं जग 'आयई सोडा, फायरफॉक्स घ्या' म्हणत असताना मराठी पेपर वाचणारा माणूस आयईलाच बांधलेला होता.

भोक नेमकं त्या ईओटीत निघालं. फॉन्टची फाइल दाबून लहान केलेली असते. विंडोज ती उलगडायला मेमरीत जागा राखून ठेवतं. मुद्दाम बिघडवलेली फाइल त्या जागेत मावेना, शेजारी सांडायची, आणि त्या सांडलेल्या भागातून हल्लेखोराचा कोड चालायचा. पॅच लावेपर्यंतचा तात्पुरता उपाय काय? सेटिंगमध्ये जाऊन 'फॉन्ट डाउनलोड' बंद करा. इंग्रजी वाचणाऱ्याचं यात काही बिघडत नव्हतं, एखादं शीर्षक जरा साध्या वळणाचं दिसलं असतं एवढंच. आपल्याकडे मात्र अख्खा पेपर अदृश्य. सुरक्षित राहायचं की अग्रलेख वाचायचा? ज्याने ऑटोमॅटिक अपडेट्स बंद ठेवलेले, त्याला हा प्रश्न आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं. ईओटीची भोकं पुढे जुलै २००९ आणि जानेवारी २०१० मध्येही निघाली.

सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला आणि त्याने विचारायचंच बंद केलं. पॅच गुपचूप उतरायचा, ब्राउझर पुन्हा सुरू केला की लागलेला. २००९ मध्ये झुरिचच्या ईटीएच आणि गूगलच्या दोघांनी मोजदाद केली. नवी आवृत्ती आल्यावर तीन आठवड्यांत क्रोमचे ९७ टक्के वापरणारे तिच्यावर पोचले होते, फायरफॉक्सचे ८५, ऑपेराचे फक्त २४. (आकडे देणाऱ्यांत गूगलचा माणूस होता, हे ध्यानात ठेवून वाचावं. आणि आयई या मोजणीतच नाही, कारण तो आपली बारीक आवृत्ती वेबसाइटला सांगतच नसे.) ऑगस्ट २०२३ पासून क्रोमने सुरक्षेचे पॅच दर आठवड्याला देणं सुरू केलं. दुरुस्तीचा कोड सगळ्यांना दिसतो, त्यामुळे ती दिसणं आणि तुमच्या मशीनवर पोचणं यातलं अंतर हेच हल्लेखोराचं भांडवल. मंगळवारचा पसारा आठवला की हे किती सुटसुटीत झालंय ते कळतं.

तरी मला ते पूर्ण निर्धोक वाटत नाही. ज्या नळातून औषध येतं, त्याच नळातून कंपनीला हवं ते सगळं येतं. २०२४-२५ मध्ये क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि यूब्लॉक ओरिजिन हा लोकांचा लाडका जाहिरातरोधक त्यात बंद पडला. जुन्या आवृत्तीवर अडून बसावं तर भोकं उघडी. म्हणजे आपण 'ओके' दाबायचं काम सोडलं, त्याबरोबर 'नको' म्हणायची सोयही गेली. काँप्युटरवाल्याच्या बंद केलेल्या अपडेट्सपेक्षा हा सौदा चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. फुकटातला नाही, एवढंच.

फॉन्टचं काय झालं? ऑक्टोबर २०२० मध्ये पुन्हा तेच: क्रोम वापरत असलेल्या फ्रीटाइप लायब्ररीत, फॉन्टच्या पोटातली चित्रं उलगडताना सांडणारी मेमरी, आणि प्रत्यक्ष चालू असलेले हल्ले. या वेळी चूक कळवल्यापासून एका दिवसात पॅच बाहेर पडला. फेब्रुवारी २०२५ च्या क्रोम १३३ पासून लिनक्स आणि अँड्रॉइडवर वेबफॉन्ट वाचायचं काम रस्ट भाषेतल्या स्क्रिफा या लायब्ररीकडे गेलंय, जिथे या जातीची सांडलवंड भाषेतच अडवली जाते. देवनागरीची जोडाक्षरं जुळवणारी हार्फबझ लायब्ररी मात्र मुळात सी++ मधली आहे.