अल्लादिया खाँ यांचं घराणं : गाणं पिढ्यान्‌पिढ्या कसं टिकलं?

जयपूर-अत्रौली घराण्याचं नाव घेतलं की आपल्याला किशोरी आमोणकर आठवतात, मल्लिकार्जुन मन्सूर आठवतात. या गायकीचं मूळ मात्र एका मुस्लिम खानदानात आहे आणि ती बहरली आपल्या कोल्हापुरात. नव्या पिढीला हे माहीत असावं, म्हणून ही थोडक्यात ओळख.

खानदान आणि तालीम

उस्ताद अल्लादिया खाँ यांचा जन्म 1855 साली राजस्थानातल्या उनियारा इथे झाला. घराणं मूळचं उत्तर प्रदेशातल्या अत्रौलीचं. वडील ख्वाजा अहमद खाँ लवकर वारले. मग चुलते जहाँगीर खाँ यांनी मुलाला आधी ध्रुपद-धमार, नंतर ख्याल शिकवला. शेकडो बंदिशी तोंडपाठ करणं आणि तासन्‌तास रियाज करणं, अशी ही तालीम होती. वही नाही, पुस्तक नाही. उस्तादांनी म्हणायचं, शागिर्दाने मागून म्हणायचं.

तरुणपणी एका संस्थानिकाकडे सलग अनेक दिवस गावं लागल्याने त्यांचा आवाज बसला. तो पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. दुसरा कोणी असता तर गाणं सोडून बसला असता. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला झेपेल अशी नवी गायकी घडवली : खुला आकार, संथ लय, लयीत गुंफलेले स्वर आणि वळणावळणाच्या अवघड ताना. बिहागडा, खट, नट-कामोद, बसंती केदार असे अनवट राग या घराण्याची ओळख बनले.

कोल्हापूर ते मुंबई

राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारात आश्रय दिला. 1922 साली महाराजांचं निधन झालं आणि पुढे खाँसाहेब मुंबईला आले. 16 मार्च 1946 रोजी तिथेच त्यांचा इंतकाल झाला. त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. म्हणजे आज आपण जे ऐकतो, ते सगळं माणसांनी माणसांना दिलेलं आहे.

मुलगे, नातू आणि शागीर्द

खाँसाहेबांना तीन मुलगे : नसिरुद्दीन ऊर्फ बडेजी, बदरुद्दीन ऊर्फ मंजी खाँ आणि शमसुद्दीन ऊर्फ भुर्जी खाँ. मंजी खाँ 1937 साली ऐन उमेदीत गेले. त्यांचे शागीर्द मल्लिकार्जुन मन्सूर यांची तालीम तिथेच तुटली असती. पण धाकट्या भावाने, भुर्जी खाँ यांनी, ती पुढे चालवली. भावाचा शागीर्द तो आपलाच, ही त्यामागची भावना.

नातू अझिझुद्दीन खाँ, म्हणजे 'बाबा', कोल्हापुरात राहिले. बंदिशींचा साठा त्यांनी जपला आणि धोंडूताई कुलकर्णींसारख्या गायिकेला शिकवलं. आजोबांनी सांगितलेल्या आठवणीही त्यांनीच उर्दूत लिहून घेतल्या. गायकी मैफलीत पोहोचते, पण घरात बसून लिहून ठेवणाराही वारसाच सांभाळत असतो.

घराबाहेरच्या शागिर्दांचा वाटाही तेवढाच मोठा आहे. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर हे खाँसाहेबांकडे शिकले. मोगूबाईंना खाँसाहेबांचे भाऊ हैदर खाँ यांचीही तालीम मिळाली आणि त्यांनी ती मुलगी किशोरीताईंना दिली. केसरबाईंचा भैरवीतला आवाज 1977 साली 'व्हॉयेजर' यानासोबत अवकाशात गेला. खाँसाहेबांनी जात-धर्म पाहून दार बंद केलं असतं, तर ही विद्या एक-दोन पिढ्यांत संपली असती.

आपल्यासाठी

संगीताबद्दल आपल्या घराघरांत वेगवेगळी मतं आहेत, त्या वादात आम्ही शिरत नाही. पण हा इतिहास आपला आहे, आणि शाळेत मुलं विचारतात तेव्हा तो सांगता आला पाहिजे.

ज्या घरात गाणं, कव्वाली किंवा वाद्यवादन चालत आलंय, त्यांनी एवढं तरी करावं :

- बुजुर्गांचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करा. चूक झाली तरी थांबवू नका.
- प्रत्येक बंदिशीचे बोल उर्दू आणि देवनागरी दोन्ही लिपींत लिहा. राग, ताल आणि ती कुणाकडून आली तेही नोंदवा.
- जुनी पत्रं, फोटो, मैफलींच्या पत्रिका रद्दीत देऊ नका.
- घरातलं मूल शिकत नसेल, तर शेजारचं जे शिकायला तयार आहे त्याला शिकवा.

वारसा रक्ताने मिळतो हे खरं, पण तो टिकतो शिकवण्याने. बुजुर्ग हयात आहेत तोवरच हे काम होईल.